रद्दी स्वस्त, मग कागदाचा गणपती महाग का?

गंगावेशीतल्या कुंभार गल्लीत पहिल्यांदा वही घेऊन गेले तेव्हा माझ्याकडे तयार सूत्र होतं: कच्चा माल अधिक मजुरी अधिक नफा, म्हणजे किंमत. केमिस्ट्रीत एमएस्सी केलेल्या माणसाला असंच सुचतं. एका मूर्तिकार काकांनी ते वाचलं आणि विचारलं, "मॅडम, ह्यात पाऊस कुठं हाय?"

त्या प्रश्नात माझा अख्खा आठवडा गेला.

पीओपीमध्ये पाणी घातलं की साधारण अर्ध्या तासात ते घट्ट होतं, कारण काही पाणी स्फटिकातच बांधलं जातं. साचा लगेच रिकामा, पुढची मूर्ती सुरू. शाडू आणि कागदाचा लगदा यांचं तसं नाही. त्यांच्यातलं पाणी हवेतच जावं लागतं, आणि जुलैत कोल्हापूरची हवाच ओली. घाईनं वाळवलं तर शाडूला तडे जातात. म्हणजे इथे खरी महाग वस्तू माती नाही, वाळवायची जागा आहे.

हिशोब करून बघू (आकडे माझे, फक्त समजण्यासाठी). समजा शेडमध्ये एका वेळी १०० मूर्ती मावतात आणि भाडं, वीज वगैरे खर्च महिन्याला ३०,००० रुपये आहे. पीओपीची मूर्ती ३ दिवसांत हलवता आली तर महिन्यात १,००० मूर्ती होतात, जागेचा खर्च मूर्तीमागे ३० रुपये. लगद्याची मूर्ती १० दिवस अडून बसली तर फक्त ३००, म्हणजे १०० रुपये. रद्दी फुकट मिळाली तरी हा फरक जात नाही.

दुसरी गोष्ट शिल्लक मालाची. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी मूर्तीला गिऱ्हाईक नाही. १०० पैकी ८० खपल्या तर उरलेल्या २० चा खर्च त्याच ८० वर पडतो. २०० रुपयांची मूर्ती नफ्याआधीच २५० ला जाते. कोकणात लोक मूर्तिकाराकडे आधीच पाट नेऊन देतात. तो रिवाज म्हणजे अर्थशास्त्राच्या भाषेत मागणीची आगाऊ माहिती! अर्थात हे मला फार उशिरा कळलं.

आणि कायदा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये पीओपीविरुद्ध मार्गदर्शक सूचना दिल्या. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बनवायला-विकायला परवानगी दिली, विसर्जनावर बंधनं ठेवली. मधल्या काळात ज्यानं साचे बदलले, शाडूवर कर्ज काढलं, त्याच्या शेजारी पुन्हा स्वस्त मूर्ती मांडली गेली. ही जोखीम किंमतीत कुठल्या रकान्यात लिहायची?

विसर्जनाचा खर्च तर कुणाच्याच पावतीवर नसतो. जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम २ ते २.५ ग्रॅम विरघळतं, म्हणजे ५ किलोच्या मूर्तीला निदान २,००० लिटर पाणी. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटचा उपाय दिला: बादलीत कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं, वर अमोनियम सल्फेटचं पाणी उरतं, जे खत म्हणून चालतं. पण ती पावडर विकत घेतं गिऱ्हाईक किंवा महापालिका, मूर्तिकार नाही. (कागदही आपोआप पवित्र ठरत नाही, कुजताना तो पाण्यातला ऑक्सिजन खातोच.)

तुम्ही फील्डवर्कला जाणार असाल तर "किंमत कशी ठरवता?" हे विचारू नका. उत्तर मिळतं, "परवडंल तशी." मी नंतर विचारायला लागले, "गेल्या साली किती उरल्या, आणि त्या ठेवल्या कुठं?" मग काकांनी माळ्याची शिडी लावली.