अंक कीं अक्षर?

जमाखर्चाच्या वहींतील एखादा आंकडा लागला नाहीं, तर कारकून तेथेंच थांबतो व विचारतो. संगणक मात्र थांबत नाहीं. ज्या आंकड्याची त्याला आंकडा म्हणून ओळख पटली नाहीं, तो मुकाट्यानें वगळून तो खालीं बेरीज मांडतो. ही बेरीज दिसावयास नीटनेटकी असते. खरी असतेच असें नाहीं. एखाद्या सहकारी संस्थेच्या अहवालांत ती तशीच छापली गेली, तर सभासदांचा विश्वास पणास लागतो. म्हणून एक्सेलच्या कोष्टकांत अक्षररूपानें शिरलेल्या रकमांचें संख्येंत रूपांतर कसें करावें, याचा आज विचार करूं.

प्रथम भेद ध्यानांत घ्यावा. आपण ‘पांच’ लिहितों, तेव्हां तें एक चिन्ह असतें आणि एक परिमाणही असतें. संगणक या दोन गोष्टी निराळ्या ठेवतो. इंग्रजी पांचाच्या चिन्हास त्याच्या सांकेतिक यादींत ५३ हा क्रमांक आहे; पांच या परिमाणाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. समजा, एका रकान्यांत १२००, ८५० व ९५० अशा तीन रकमा आहेत. खरी बेरीज ३०००. परंतु ९५० ही रक्कम अक्षररूप असेल, तर ‘सम’ हें सूत्र २०५० असें उत्तर देईल, आणि त्या उत्तरापाशीं चुकीची कोणतीही खूण उमटणार नाहीं.

अशा रकमा बहुधा दुसरीकडून उतरून घेतलेल्या याद्यांतून येतात. रकमेपुढें आडवी रेघ ओढण्याची आपली जुनी संवय, आरंभीं टंकलेलें एकेरी अवतरणचिन्ह, किंवा डोळ्यांस न दिसणारी एखादी रिकामी जागा, एवढेंही त्यास पुरें होतें. सामान्यतः संख्या घराच्या उजव्या कडेस व अक्षरें डाव्या कडेस बसतात. हीच पहिली ओळख. अधिक खात्रीची परीक्षा अशी: ‘काउंट’ हें सूत्र केवळ संख्या मोजतें, तर ‘काउंटए’ सर्व भरलेलीं घरें मोजतें. दोन्हींची उत्तरें जुळलीं नाहींत, तर रकान्यांत संख्येखेरीज कांहीं तरी आहे असें समजावें.

पुष्कळांची अशी समजूत असते कीं, घराचें स्वरूप ‘नंबर’ केलें म्हणजे काम झालें. तसें होत नाहीं. पोशाख बदलतो, माणूस तोच राहतो. प्रथम मूळ रकान्याची प्रत राखून ठेवावी. मग रकमेपुढील रेघा ‘रिप्लेस’नें काढाव्या. संकेतस्थळांवरून आलेल्या मजकुरांत १६० क्रमांकाची रिकामी जागा असते. ती ‘ट्रिम’नें जात नाहीं, तिला ‘सब्स्टिट्यूट’ सूत्रच लागतें. नंतर शेजारच्या रकान्यांत ‘व्हॅल्यू’ सूत्र लावावें. ज्या मजकुराची संख्या होऊं शकत नाहीं, तेथें हें सूत्र उघड चूक दाखवितें, आणि हाच त्याचा मोठा गुण होय. मुकी चूक बोलकी होते. यादी परदेशची असल्यास अधिक जपावें. जर्मनींत १.२३४ म्हणजे एक हजार दोनशें चौतीस. आपल्याकडे सव्वाहूनही किंचित् कमी! ‘नंबरव्हॅल्यू’ या सूत्रांत दशांशचिन्ह कोणतें हें स्पष्ट सांगतां येतें.

परंतु अंकांनीं लिहिलेलें सर्वच संख्या नव्हे. पुण्याचा दूरध्वनि-संकेत ०२०. त्याची संख्या केली कीं २० उरतात. एक्सेल १५ अंकांपर्यंतच अचूकता राखतें. त्यामुळें १६ अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होऊन बसतो. शास्त्रज्ञही यांतून सुटले नाहींत. ‘मार्च१’ व ‘सेप्ट१’ या मानवी जनुकांच्या नांवांस एक्सेल तारखा समजे, आणि तारीख ही तेथें संख्याच असते. अखेर जनुकांच्या नामकरण समितीनें तीं नांवें ‘मार्चएफ१’ व ‘सेप्टिन१’ अशीं बदललीं, व २०२० सालच्या आपल्या नियमांत अशा बदलांची नोंद केली. तेव्हां कसोटी एकच: याची बेरीज करण्यांत कांहीं अर्थ आहे काय? नसेल, तर तें नांव आहे. त्यास अक्षररूपच राहूं द्यावें.

रूपांतर झाल्यावर शाळेंत शिकविलेला ताळा विसरूं नये. मूळ कागदावरील बेरीज व कोष्टकांतील बेरीज जुळवून पाहावी, आणि मगच अहवालावर सही करावी.