कजा रोजांची वही

रमजान लागला की आपल्या घरांतल्या बायका दोन हिशेब ठेवतात. एक खजूर, बेसन, दूध आणि शेवयांचा. दुसरा कुणाला न सांगता: यंदा किती रोजे सुटले. पाळीच्या दिवसांत नमाज नाही, रोजाही नाही. नमाज माफ होते, रोजे मात्र पुढे वर्षभरात भरून काढायचे, म्हणजे कजा करायचे. कुणी कॅलेंडरवर टिंब देतं, कुणी मोबाईलमध्ये लिहितं, जुन्या बायका बोटांवरच मोजतात. काहींकडे यासाठी छोटी वहीही असते.

या वहीविषयी लिहायचं आहे ते मसल्याच्या अंगानं नाही, ते काम आलिमांचं. पण ज्या मुलीचे चार-पाच वर्षांपूर्वी पाच रोजे सुटायचे आणि आता आठ-नऊ सुटतात, ज्या बाईला पाळी येण्याच्या आधीच दोन दिवस दुखण्यानं सहरीला उठवत नाही, तिच्या हातात एक वैद्यकीय कागदच असतो. तो डॉक्टरपर्यंत पोहोचत नाही, एवढंच.

उलट रमजानमध्ये दुखणं जास्त लपवलं जातं. घरात सासरे असतात, दीर असतात, भाऊ असतात. रोजा नाही हे त्यांना कळू नये म्हणून सगळ्यांबरोबर सहरीला उठायचं, दिवसभर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभ्यानं दोन घोट पाणी प्यायचं, आणि इफ्तारच्या दस्तरखानवर रोजेदारासारखं बसायचं. शरियतनं दिलेली सवलत घरानं काढून घेतलेली असते. त्यात पोटात कळा आल्या की रिकाम्या पोटी दुखण्याची गोळी. मग पित्त, उलट्या, चक्कर. घरात निदान काय होतं? ‘रोजा लगा इसको.’

माझ्या खालाच्या मुलीचं असंच चाललं होतं. चौदाव्या वर्षापासून पाळीत ती गुडघे पोटाशी घेऊन पडून राहायची, महिन्यातून दोन-तीन दिवस शाळा बुडायची. ‘होताच है सबको, चुप बैठ,’ हे आजीचं उत्तर. पुढे ती घरीच शाळेच्या गणवेशांची शिलाई करू लागली. त्या कामात नगावर पैसे मिळतात, मशीनवर बसता आलं नाही तर मजुरी नाही. एका डॉक्टरांनी गॅसेस सांगितले, दुसऱ्यांनी अपेंडिक्सची शंका घेतली, तिसऱ्यांनी पोटावरून सोनोग्राफी केली आणि ती नॉर्मल आली. नॉर्मल रिपोर्ट हातात आला आणि घरात ती नाटकी ठरली. लग्न झालं की थांबेल, असं एका दवाखान्यातही सांगितलं गेलं. लग्न झालं, थांबलं नाही, दिवसही जाईनात. सत्ताविसाव्या वर्षी, मूल का होत नाही या तपासणीत उजव्या अंडाशयावर चॉकलेट सिस्ट दिसली आणि तेव्हा कुठे आजाराचं नाव कळलं: एंडोमेट्रिऑसिस. चौदा ते सत्तावीस, म्हणजे तेरा वर्षं. तिच्या दुखण्याकडे घरानं पहिल्यांदा नीट पाहिलं ते मूल होत नव्हतं म्हणून. ही गोष्ट मला अजून खुपते.

ती एकटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पाळी येण्याच्या वयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे जवळपास १९ कोटी स्त्रियांना हा आजार आहे, आणि निदान व्हायला सरासरी ४ ते १२ वर्षं लागतात. आजार नवा नाही. व्हिएन्नाचे रोकिटान्स्की यांनी १८६० मध्येच त्याचं वर्णन केलं होतं. १९२० च्या दशकात अमेरिकेच्या जॉन सॅम्पसन यांनी त्याला आजचं नाव दिलं आणि पाळीचं काही रक्त नळ्यांतून उलटं पोटात जातं, त्यातून हा आजार होत असावा, असं मांडलं. पण उलटं रक्त बहुतेक स्त्रियांत जातं आणि आजार काहींनाच होतो, त्यामुळे कारणाचा पूर्ण उलगडा अजून झालेला नाही.

होतं काय ते सोपं आहे. पिशवीच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी पिशवीबाहेर वाढतात: अंडाशयावर, पिशवीच्या मागच्या बाजूला, आतड्यावर, मूत्राशयावर. त्याही दर महिन्याला हार्मोन्सना प्रतिसाद देतात. आत सूज येते, हळूहळू अवयव एकमेकांना चिकटू लागतात. अंडाशयात जुनं रक्त साठून गाठ झाली की तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात, रंगावरून. पाळीत असह्य दुखणं हे मुख्य लक्षण. पण पाळीच्या दिवसांत शौचाला किंवा लघवीला होताना कळ येणं, कंबर आणि मांड्या भरून येणं, शरीरसंबंधाच्या वेळी आत खोल दुखणं, कायमचा थकवा, ही लक्षणंही यातलीच. शेवटच्या दोन-तीन गोष्टी बायका आईलाही सांगत नाहीत. आणि दुखणं जितकं जास्त तितका आजार मोठा, असंही नसतं. थोड्या आजारात प्रचंड दुखतं, मोठी गाठ असूनही काहींना फारसं जाणवत नाही.

थोडं दुखणं सगळ्यांनाच होतं, हे खरंच आहे. पण दुखण्यानं शाळा, काम, झोप, सहरी सुटत असेल तर ते ‘सबको होता’ या खात्यात टाकायचं नाही. इतकी साधी कसोटी आहे.

आता तपासणीचं. पोटावरच्या सोनोग्राफीत चॉकलेट सिस्ट दिसू शकते, पातळ पसरलेले डाग मात्र सहसा दिसत नाहीत. आतून केलेली सोनोग्राफी जास्त सांगते, तीही हा आजार ओळखायला शिकलेल्या डॉक्टरांनी केली तर. लग्न न झालेल्या मुलीची आतून तपासणी सहसा करत नाहीत. तिथे पोटावरून सोनोग्राफी आणि गरज पडल्यास एमआरआय हा मार्ग असतो. तपासणीनं मुलीची ‘अब्रू’ जाईल या भीतीनं तिला दवाखान्यातच न नेणाऱ्या आयांना हे सांगायला हवं. पूर्वी दुर्बिणीनं पोटात पाहिल्याशिवाय निदान पक्कं मानत नसत. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी ती अट सैल केली: लक्षणं जुळत असतील तर ऑपरेशनशिवायही औषध सुरू करता येतं. सीए-१२५ या रक्ततपासणीवरून हा आजार आहे की नाही ते ठरत नाही. या आकड्यावरून कॅन्सरची धास्ती घेऊन बसलेली घरं मी पाहिली आहेत. आपल्याकडे आणखी एक गोष्ट तपासावी लागते, ती जननमार्गाचा क्षयरोग. तोही पोटदुखी आणि वंध्यत्व देतो, पण त्याचं औषध पूर्ण वेगळं आहे.

औषधाची गंमत, खरं तर विसंगती, अशी की ते आपल्या ओळखीचं आहे. रमजानचे पूर्ण रोजे व्हावेत किंवा उमराहच्या सफरीत अडचण नको म्हणून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या मेडिकलमधून आणल्या जातात, कित्येकदा डॉक्टरांना न विचारता. शेजारच्या घरांत सत्यनारायण आणि गौरी-गणपतीसाठीही आणतात. त्या बहुधा नॉरएथिस्टेरॉनच्या असतात, प्रोजेस्टिन गटातल्या. एंडोमेट्रिऑसिसवर दिली जाणारी डायनोजेस्ट ही गोळी त्याच गटातली, आणि नॉरएथिस्टेरॉनही या आजारात वापरतात. सणासाठी ती गोळी चालते. पण डॉक्टरांनी त्याच घराण्यातली गोळी दुखण्यासाठी सहा महिने लिहून दिली की घरात धसका: पाळी थांबली तर घाण आत साठेल. साठत नाही. गोळीनं अस्तरच पातळ राहतं, म्हणून बाहेर टाकायला काही उरत नाही. मात्र दोन्ही वेळा गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. रक्ताच्या गुठळ्या, यकृताचा आजार, अर्धशिशी यांचा इतिहास असेल तर आधी सांगावं.

डायनोजेस्ट रोज एक, ठरलेल्या वेळी घ्यायची असते. रमजानमध्ये वेळ सहरीची की इफ्तारची ठेवायची ते डॉक्टरांशी ठरवून ती पाळावी. सुरुवातीचे काही महिने मधूनच डाग लागतात. मग प्रश्न येतो, रोजा ठेवायचा का? हैज आणि इस्तिहाजा यांत फिकहनं फरक केलेला आहे. फातिमा बिन्ते अबी हुबैश (रजि.) यांनी प्रेषितांना (स.) थेट विचारलं होतं की रक्त थांबतच नाही, नमाज सोडू का. ते हैज नसून शिरेचं रक्त आहे, असं त्यांना समजावलं गेलं आणि नेहमीचे दिवस संपले की नमाज सुरू ठेवायला सांगितलं गेलं. आपल्या बाबतीत कोणता दिवस कशात मोडतो, हे जाणत्या आलिमाला विचारावं. लाज वाटत असेल तर हजरत आयेशा (रजि.) यांनी मदिन्याच्या अन्सारी स्त्रियांचं कौतुक कशासाठी केलं होतं ते आठवावं: लाजेपोटी त्या दीन समजून घेण्यापासून अडल्या नाहीत. चौदा शतकांपूर्वी जे विचारता आलं, ते विजापूर वेशीत आज पुटपुटावं लागतं.

औषधानं भागलं नाही, गाठ मोठी असली किंवा मूल हवं असलं तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा विचार होतो. इथे घाई नको. अंडाशयावर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया केली की बीजांचा साठा घटतो. आतड्याला चिकटलेला आजार असेल तर आतड्याचे सर्जनही सोबत लागतात. म्हणून वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता, हे डॉक्टरांना विचारण्यात उद्धटपणा नाही. आणि ‘पिशवीच काढून टाका’ हा सल्ला मिळाला तर दुसरं मत घ्यावंच. आजार पिशवीबाहेर असतो, त्यामुळे नुसती पिशवी काढून तो जाईलच असं नाही. पिशव्या किती सहज काढल्या जातात ते आपण बीड जिल्ह्यात पाहिलं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं तिथल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली.

सोलापुरात सुरुवात सिव्हिलपासून करता येते. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं हे रुग्णालय, तिथे स्त्रीरोग विभाग आहे. महात्मा फुले योजनेत कोणती शस्त्रक्रिया बसते, ते योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारावं. गुंतागुंत मोठी असेल तर पुणे, मुंबई किंवा हैदराबाद. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जाणारे सोलापूरकर रुग्ण काही कमी नाहीत. १८ मे २०१७ ला पुण्यातल्या गॅलेक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या चमूनं देशातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण केलं. ते झालं ती २१ वर्षांची तरुणी सोलापूरची होती, आणि गर्भाशय तिला तिच्या आईनं दिलं होतं. तिचा आजार वेगळा, जन्मतःच गर्भाशय नव्हतं. पण एक आई लेकीच्या पाठीशी कुठवर उभी राहू शकते, ते या शहरानं पाहिलेलं आहे.

माझी खाला आता बहिणीबरोबर तपासणीला जाते. बहीण औषधावर आहे, शिलाई सुरू आहे. मुलाचं अजून ठरायचं आहे आणि त्यासाठी गोळी थांबवावी लागेल, हे डॉक्टरांनी नवऱ्यालाही समोर बसवून सांगितलं. ईदनंतरची तारीख मिळाली आहे. आतून सोनोग्राफी व्हायची आहे. तिनं रोजा तुटतो का यावर आलिमांत मतभेद आहेत, म्हणून तिनं शव्वालच निवडला. जाताना ती जुने सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावून नेणार आहे, आणि पाच वर्षांची ती वही: कोणत्या रमजानला किती रोजे गेले, त्यातले किती दिवस अंथरुणात, किती गोळ्या लागल्या.