औरंगपुऱ्यापासून किती लांब?

औरंगपुऱ्यात जन्म काढलेल्या माणसाला 'लांब' या शब्दाचा अर्थ नीटसा कळत नाही. भाजी मंडई पायाखाली, सरस्वती भुवन हाकेच्या अंतरावर, आणि पायात चपला सरकवल्या की गुलमंडी किंवा पैठण गेट आलेच. पुस्तकांची दुकाने तर इतकी जवळ की माझ्या पेन्शनचा मोठा हिस्सा तिकडेच वाहून जातो, ही आमच्या घरातली कायमची तक्रार. अशा माणसाकडे 'घर कुठे घ्यावे' असा सल्ला मागायला खरे तर कुणी येऊ नये. पण माझा भाचा आला.

२०२३ ची दिवाळी नुकतीच सरली होती. भाचा वाळूजच्या एका कारखान्यात तीन पाळ्यांत काम करतो. सूनबाई चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत. मुलगी तीन वर्षांची. आमच्याच गल्लीत दोन खोल्या भाड्याने घेऊन ते राहत होते आणि दिवसभर ती पोर आमच्या ओसरीवर. घरमालकाला जुनी जागा पाडून खाली दुकाने काढायची होती. 'मार्चअखेर सोडा,' म्हणाला. तोही बिचारा चुकीचे काही म्हणत नव्हता.

"मामा, तुम्ही आयुष्यभर घराची कर्जं दिलीत. आता आमचं बघा," म्हणत भाच्याने माहितीपत्रकांचा गठ्ठाच पुढे टाकला. प्रत्येक पत्रकात एक वाक्य ठरलेले : अमुक चौकापासून फक्त पाच मिनिटे. कुणाची पाच मिनिटे, आणि कोणत्या वेळची, हे एकातही छापलेले नव्हते.

सल्ला देण्याआधी माझी स्वतःची एक चूक सांगून टाकतो. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने त्याच दशकात आपल्या शहराच्या पूर्वेला नवे औरंगाबाद वसवायला घेतले. एन-१, एन-२ असे एकेक विभाग, आखलेले रस्ते आणि हप्त्याने मिळणारी लहान लहान घरे. १९८४ मध्ये माझे लग्न ठरले तेव्हा बँकेतले दोन सहकारी फॉर्म आणायला निघाले आणि मलाही 'चल' म्हणाले. वडील म्हणाले, "रात्री रिक्षावाला तिकडे यायला तयार नसतो. कोल्हे ओरडतात म्हणे." मी फॉर्म आणला नाही. ते दोघे आज तिथे मोठ्या झाडांच्या सावलीत राहतात, आणि मी कधी गेलो की चहाबरोबर कोल्ह्यांची चौकशी करतात.

पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला. त्याच्यामागे सुटे भाग पुरवणारे लहान कारखाने आले, आणि त्यांच्यामागे मराठवाड्याच्या खेड्याखेड्यांतून माणसे आली. महापालिका हद्दीची लोकसंख्या १९९१ च्या जनगणनेत ५ लाख ७३ हजार होती, ती २०११ मध्ये ११ लाख ७५ हजार झाली. एवढ्या माणसांना पुरतील इतकी घरे कुणीच बांधली नव्हती. मग शेतकऱ्याने एकरभर रान मोडून गुंठ्यांनी विकायला काढले. गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, १,०८९ चौरस फूट. तोही पुरा परवडत नसे, म्हणून वीस बाय तीसचे तुकडे. ना अकृषिक परवानगी, ना मंजूर नकाशा. शंभराच्या स्टॅम्प पेपरवर लिहून घ्यायचे आणि भिंत उभी करायची. त्याला आपण गुंठेवारी म्हणतो, आणि या शहराचा केवढा तरी भाग त्या पेपरवर उभा आहे.

त्या काळात एक फिटर माझ्या टेबलासमोर बसला होता. पुंडलिकनगरच्या बाजूला त्याने असाच तुकडा घेतला होता. वर दोन खोल्या चढवायला कर्ज हवे होते. पगार पक्का, माणूस निर्व्यसनी. मी कागद तपासले आणि नियमाप्रमाणे 'नाही' म्हटले. सातबारा शेतकऱ्याच्या नावावर, मग गहाण काय ठेवून घ्यायचे? तो उठताना एवढेच म्हणाला, "साहेब, कागदवाली जागा मला परवडली असती तर मी तुमच्याकडं कशाला आलो असतो?" नंतर त्याने महिन्याला भरमसाट व्याजाने सावकाराकडून पैसे उचलले, हे मला दुसऱ्याकडून कळले. २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामेही त्यात बसली. त्याचे घरही बसले असेल. माझा निर्णय बरोबर होता, असे मी आजही म्हणेन. तरी तो माणूस मला विसरता आलेला नाही.

तर पहिल्या रविवारी आम्ही बजाजनगरला गेलो. मला ती जागा पसंत पडली. शाळा, दवाखाना, बाजार सगळे आहे. भाच्याला कारखाना दहा मिनिटांवर; रात्रपाळी करून आला की सकाळी सहा-साडेसहाला घरात. किंमतही आवाक्यातली. मी तिथल्या तिथे बोलून गेलो, "कमावत्या माणसाला जवळ पडतं, आणखी काय पाहिजे?"

परतताना नगर नाक्याशी गाडी अडकली. पुढे छावणीतून लोखंडी पुलाकडे रांग लागलेली. मागच्या सीटवरून सूनबाई म्हणाली, "मामा, मी पण कमावते."

ती तक्रार नव्हती, तिने फक्त माहिती पुरवली होती. मग तिने हिशेब सांगितला. भाच्याला कंपनीची बस आहे, ती शहरभर फिरून माणसे उचलते. तिला नाही. बजाजनगरहून तिने निघायचे ते नगर नाका, छावणी, बाबा पंप, क्रांती चौक, सेव्हन हिल, मुकुंदवाडी असे सगळे शहर आडवे कापून चिकलठाण्याला पोचायचे. जाऊन-येऊन रोज चाळीसेक किलोमीटर, तेही दोन वाहने बदलून. आणि दोघांपैकी आठ तासांची पाळी संपल्यावर घरी येऊन कुकर कोण लावतो, हे तिने सांगितले नाही. सांगायची गरज नव्हती.

पस्तीस वर्षे मी कर्जाच्या अर्जावर 'अर्जदाराच्या कामाच्या ठिकाणापासून अंतर' मनातल्या मनात मोजत आलो. सहअर्जदार म्हणून सही करणाऱ्या बाईचे अंतर कधी मोजले नाही. तिचा पगार मात्र कर्जाची मर्यादा वाढवायला बरोबर मोजला.

दुसऱ्या रविवारी सातारा-देवळाई. बीड बायपासच्या दक्षिणेला डोंगराच्या पायथ्यापर्यंत हा परिसर पसरला आहे. इथे २०१४ साली स्वतंत्र नगरपरिषद झाली. ती धड उभी राहते न राहते तोच महापालिकेत विलीन झाली. घरे आधी आली आणि रस्ते, ड्रेनेज, पाणी मागून. शिवाजीनगरच्या रेल्वे फाटकाने तर इकडच्या लोकांची कित्येक वर्षे उभ्या उभ्या खाल्ली. पण घर सुरेख होते. दोन बेडरूम, खिडकीत डोंगर, हवा मोकळी. मागणी २८ लाखांची. भाच्याचे डोळे चमकले.

मी कागद मागितले. इमारत आठ सदनिकांची. २०१७ पासून महारेराकडे प्रकल्पाची नोंदणी लागते, पण ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला किंवा आठपर्यंत सदनिकांना त्यातून सूट आहे. म्हणजे इथे सगळी तपासणी आपली आपणच करायची : तीस वर्षांचा सर्च, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र. त्यात चटई क्षेत्र किती आणि जिन्याचे, गच्चीचे वाटे मिळवून फुगवलेले किती, हेही टेप लावून बघायचे. बिल्डरचा माणूस जरा नाराज झाला. टेप मी खिशातून काढला होता.

खाली उतरल्यावर शेजारच्या इमारतीत एक बाई अंगण झाडत होत्या. त्यांना विचारले, "पाणी कसं आहे इकडं?" त्यांनी काही न बोलता जिन्याखालची भिंत दाखवली. भिंतीवर पेन्सिलीने रेघा ओढलेल्या, पाच-पाचांचे जुडगे. एकेक रेघ म्हणजे एकेक टँकर. पावसाळ्यातल्या महिन्यांत तुरळक रेघा, आणि एप्रिल-मे आले की भिंत काळी. कुणाही मूल्यांकनकर्त्याच्या अहवालात मी इतकी स्पष्ट माहिती वाचलेली नाही.

पाण्याचे दुखणे एकट्या साताऱ्याचे नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने नहर खोदून या गावाला पाणी पाजले. आपण पन्नासेक किलोमीटरवरच्या जायकवाडीतून उपसून आणतो. धरण १९७६ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले, आणि तरी २०२३ मध्ये औरंगपुऱ्यातसुद्धा आम्ही आठवड्यातून एकदा येणाऱ्या नळाची वाट बघत होतो. डिसेंबर २०२० मध्ये १,६८० कोटींच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले. पुढे तिचा खर्च २,७४० कोटींवर गेला. मात्र जिथे जलवाहिनीच नाही तिथे आठवड्याचीही वाट बघायची सोय नसते, टँकरवाल्याची बघावी लागते.

त्या रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पंचवीस लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षे. हप्ता सुमारे २१,७०० रुपये, आणि अखेरीस भरलेली रक्कम बावन्न लाखांच्या वर. बँक तीस लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत जाते, पण मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी त्या किमतीत धरत नाही, ती खिशातूनच. (२०२१ पासून घर केवळ स्त्रीच्या नावे घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. भाच्याला ती बचत वाटली. मी म्हटले, बचत म्हणून नको, तसेच कर.) या हप्त्यावर टँकरची वर्गणी आली. दुसऱ्या दुचाकीचे पेट्रोल आले. पाळणाघर आले. स्वस्त घर बघता बघता महागाचे झाले.

पाळणाघर हा शब्द मी मोठ्याने वाचला आणि सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली. "म्हणजे पोर कुठं राहणार?" एवढेच विचारून ती आत गेली. तेव्हा माझ्या ध्यानात आले की गेले दोन आठवडे प्रत्येक जागेत मी काही ना काही खोट काढत होतो, आणि ती सगळी खोट जागेतली नव्हती. सकाळी आठ वाजता ओसरीवर चपला वाजतात, 'आजी' अशी हाक येते, आणि आम्हा दोघांचा दिवस सुरू होतो. त्या हाकेपासून घर किती लांब जाणार, हे मी मोजत होतो. सल्लागाराचा स्वार्थ अर्जात जाहीर करावा असा नियम हवा.

मधल्या काळात एका दलालाने पडेगाव-मिटमिट्याकडचा प्लॉट दाखवला, दुसऱ्याने शेंद्र्याच्या पुढचा. 'ऑरिक आहे, दहा वर्षांत सोनं होईल.' होईलही. पण पोरीला मार्चमध्ये राहायला छप्पर हवे होते. शिवाय मिटमिट्याचा कागद बघितला आणि मला तो फिटर आठवला. या वेळी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आमचेच माणूस होते.

अखेर घर सूनबाईनेच शोधले. प्रयोगशाळेतल्या एका सहकारिणीच्या ओळखीतून. सिडको एन-२ मध्ये, जालना रस्त्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, दुसऱ्या मजल्यावरचे जुने घर. आकाराने साताऱ्याच्या घराच्या पाऊण, किंमत जवळजवळ तेवढीच. स्वयंपाकघरात दोन माणसे एकदम उभी राहत नाहीत, भिंतीला ओल. पण तिची प्रयोगशाळा पंधरा मिनिटांवर, भाच्याच्या कंपनीची बस कोपऱ्यावर थांबते, आणि नळाला, आठवड्याने का होईना, महापालिकेचे पाणी. कागद मी दोनदा वाचले : सिडकोचा भाडेपट्टा, आधीच्या हस्तांतराचे पत्र, कराच्या पावत्या. सगळे ठीक.

इमारत जुनी म्हणून बँक वीस वर्षांना तयार होईना. बावीस लाख, पंधरा वर्षे. गंमत म्हणजे हप्ता पुन्हा तेवढाच, २१,७०० च्या आत. भरायची वर्षे मात्र पाचांनी कमी. मुलगी अठराची होईल तेव्हा कर्ज फिटलेले असेल. वरचे तीन लाख कमी पडत होते. मराठीत कादंबरीवर एवढे मानधन मिळत नाही. आमच्या एका मुदत ठेवीची मुदत जरा लवकर संपली, इतकेच.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात टेम्पो भरला. आता सौ. सकाळी शहर बसने एन-२ ला जाते आणि सूनबाई आली की परत येते. गुडघ्याची तक्रार बसमध्ये का कोण जाणे होत नाही. चाळीस वर्षांपूर्वी जिथे जायला मी नको म्हटले तिथे ती रोज जाते, हे ती मला आठवड्यातून एकदा तरी ऐकवते. भिंतीवरच्या कालनिर्णयात आमच्या पाण्याच्या वाराला निळी खूण असते, तिने २०२४ च्या एप्रिलपासून तांबड्या खुणा सुरू केल्या, त्यांच्या पाण्याच्या. मेमधल्या एका रविवारी मी त्यांना जेवायला बोलावले, आमरस करायचा होता. तिने कॅलेंडर बघितले आणि म्हणाली, "रविवारी त्यांच्याकडे पाणी आहे. सोमवारी म्हणा."