ऑल-अमेरिकन बेसबॉल संघ

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील महाविद्यालयीन बेसबॉलच्या एका हंगामात सर्वोत्कृष्ट ठरलेल्या खेळाडूंचा मानाचा संघ. हा संघ प्रत्यक्ष मैदानावर उतरत नाही. निरनिराळ्या महाविद्यालयांतून प्रत्येक जागेसाठी निवडलेल्या खेळाडूंची ती एक यादी असते. या प्रथेचा उगम अमेरिकन फुटबॉलमध्ये झाला. त्या खेळातील पहिली अशी यादी १८८९ मध्ये प्रसिद्ध झाली व पुढे वॉल्टर कँप यांच्या नावाशी ती निगडित झाली. बेसबॉलमध्ये महाविद्यालयीन प्रशिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने दुसऱ्या महायुद्धानंतर या प्रथेला स्थिर रूप दिले.

निवडपद्धती : महाविद्यालयीन हंगाम फेब्रुवारीच्या मध्यास सुरू होतो व जूनमध्ये ‘कॉलेज वर्ल्ड सिरीज’ या अंतिम स्पर्धेने संपतो. ही स्पर्धा १९५० पासून नेब्रॅस्का राज्यातील ओमाहा शहरी भरत आली आहे. हंगामाच्या अखेरीस प्रशिक्षकांची संघटना, क्रीडालेखकांची संघटना आणि बेसबॉलला वाहिलेली नियतकालिके आपापले संघ स्वतंत्रपणे जाहीर करतात. ‘बेसबॉल अमेरिका’ हे नियतकालिक १९८१ पासून असा संघ निवडते. पिचर, कॅचर, बेसवरील व बाह्य क्षेत्रातील खेळाडू आणि केवळ फलंदाजीसाठी नेमलेला खेळाडू अशा जागा त्यांत असतात. या याद्या नेहमीच जुळतात असे नाही. त्यामुळे बहुसंख्य याद्यांत ज्याचे नाव येते, त्या खेळाडूचा मान अधिक निर्विवाद समजला जातो.

निकष व मर्यादा : फलंदाजाची सरासरी, होमरनची संख्या आणि पिचरने दर नऊ डावांमागे दिलेल्या धावा हे मुख्य आधार होत. तथापि आकडे परिस्थितीनुसार बदलतात. १९७४ पासून महाविद्यालयीन सामन्यांत धातूच्या बॅटला परवानगी मिळाली. या बॅटमुळे चेंडू अधिक वेगाने जाऊन धावसंख्या फुगली. १९९८ च्या अंतिम सामन्यात सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने ॲरिझोना स्टेटचा २१–१४ असा पराभव केला. २०११ मध्ये बॅटच्या उसळीवर कडक मर्यादा घालण्यात आल्यावर धावा लक्षणीय घटल्या. म्हणून दोन काळांतील खेळाडूंची तुलना केवळ आकड्यांवरून करता येत नाही. प्रतिस्पर्धी संघांचा दर्जा, हवामान व मैदानांची लांबी-रुंदी यांचाही विचार करावा लागतो. अखेरचा निर्णय मोजमापाने होत नसून जाणकारांच्या मताने होतो.

संघाचे यश ही वैयक्तिक मानाची अट नाही. १९७३ च्या अंतिम स्पर्धेत मिनेसोटा विद्यापीठाचा संघ नवव्या डावापर्यंत ७–० असा आघाडीवर असूनही सदर्न कॅलिफोर्नियाकडून ७–८ असा हरला. तरीही स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिनेसोटाच्या डेव्ह विनफील्ड यांना मिळाला.

वैयक्तिक पुरस्कार : हौशी खेळाडूंसाठीचा ‘गोल्डन स्पाइक्स’ पुरस्कार १९७८ पासून दिला जातो. त्याचे पहिले मानकरी ॲरिझोना स्टेटचे बॉब हॉर्नर होत. जन्मतः उजवा पंजा नसलेले मिशिगन विद्यापीठाचे पिचर जिम ॲबट यांना तो १९८७ मध्ये, तर सलग ५८ सामन्यांत हिट मिळविण्याचा विक्रम करणारे ओक्लाहोमा स्टेटचे रॉबिन व्हेंचुरा यांना १९८८ मध्ये मिळाला. फ्लॉरिडा स्टेटचे माजी खेळाडू व प्रशिक्षक डिक हाउझर यांचे १९८७ मध्ये निधन झाले. त्याच वर्षापासून त्यांच्या नावाचा करंडक दिला जाऊ लागला.

महत्त्व : महाविद्यालयीन खेळाडूंना दीर्घकाळ वेतन घेण्यास मनाई होती आणि बहुतेकांना शिष्यवृत्तीही अंशतःच मिळे. त्यामुळे असा मान हेच त्यांच्या श्रमाचे जाहीर मोल होते. व्यावसायिक संघांचे लक्षही त्यामुळे वेधले जाई. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाच्या व प्रतिमेच्या व्यापारी वापरातून उत्पन्न मिळविण्याची मुभा मिळाली, त्यामुळे या मानाला आर्थिक मूल्यही आले. परंतु तो पुढील यशाची हमी देत नाही. हॉर्नर १९७८ मध्येच दुय्यम साखळीत न खेळता थेट मेजर लीगमध्ये दाखल झाले व वर्षातील सर्वोत्तम नवोदित ठरले. ॲबट यांनी १९९३ मध्ये एकही हिट न देता संपूर्ण सामना जिंकून दिला. याउलट १९८२ चे मानकरी ऑगी श्मिट यांना मेजर लीगचा एकही सामना खेळावयास मिळाला नाही. धातूच्या बॅटीऐवजी लाकडी बॅट, अधिक कुशल पिचर आणि जवळजवळ रोजचे सामने यांमुळे व्यावसायिक खेळाची कसोटी वेगळी असते. हा मान एका हंगामातील कर्तृत्वाची नोंद होय व त्याच मर्यादेत त्याचे मोल खरे ठरते.