खेळाडूंचीं जुनीं कार्डें : अस्सल आणि नक्कल



लहानपणीं काड्यापेट्यांवरील चित्रें जमविलीं नाहींत असा मनुष्य आपल्यांत विरळाच. अमेरिकेंतील मुलांना हाच नाद बेसबॉलपटूंच्या चित्रांचा होता. पूर्वीं सिगारेटच्या पाकिटांतून आणि पुढें च्युइंग गमबरोबर हीं पुठ्ठ्याचीं कार्डें मिळत. टॉप्स कंपनीनें १९५२ सालीं काढलेलें मिकी मॅन्टल या खेळाडूचें एक कार्ड २०२२ सालीं १ कोटी २६ लाख डॉलरांना विकलें गेलें. जेथें गूळ, तेथें मुंगळे यायचेच!

आतां ही खरेदी-विक्री पुष्कळशी इंटरनेटवर होते. गिऱ्हाइकाला दिसतें तें केवळ छायाचित्र. वस्तु हातीं पडते ती पैसे गेल्यावर. सोबत ‘आजोबांच्या पेटींत सांपडलें’ अशी एखादी गोड कथा असते. आपणांस कथा विकत घ्यावयाची नाहीं, कार्ड घ्यावयाचें आहे, हें प्रथम ध्यानांत ठेवावें.

मग परीक्षा कशी करावी? पहिली परीक्षा मापाची. १९५२ चें टॉप्स कार्ड पावणेचार इंच उंच असतें. त्याच कंपनीनें १९८३ सालीं त्यांचें राजरोस पुनर्मुद्रण केलें, तें साडेतीन इंच उंचीचें. साधी फूटपट्टी हा भेद दाखविते.

दुसरी परीक्षा भिंगाची. १९०९ ते १९११ च्या सिगारेट-कार्डांवर खेळाडूचें नांव अखंड शाईनें छापलेलें असे. नक्कल करणारा अस्सल कार्डाचें छायाचित्र घेऊन तेंच पुन्हां छापतो. त्यामुळें चित्राबरोबर अक्षरेंहि बारीक ठिपक्यांत फुटतात. मी जन्मभर शिक्षकाचा धंदा केला. पाहून लिहिलेली उत्तरपत्रिका जशी आपल्याच चुकांनीं पकडली जाते, तसेंच हें आहे.

तिसरी परीक्षा अतिनील दिव्याची. कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यांत उजळ करणारीं द्रव्यें घालण्याची रीत १९५० च्या सुमारास रूढ झाली. तेव्हां १९१० चें म्हणून दाखविलेलें कार्ड या दिव्याखालीं निळसर चमकलें, तर तें खोटें समजावें. मात्र न चमकलें म्हणजे खरें, असें नव्हे. लबाड माणूस जुना कागदहि मिळवितो.

कित्येक कार्डें परीक्षक कंपन्या तपासून, क्रमांक देऊन प्लास्टिकच्या डबींत बंद करतात. हा मोठा आधार खरा. पण डबीचीहि नक्कल होते आणि तीवर खऱ्या कार्डाचा क्रमांक घातला जातो. म्हणून कंपनीच्या नोंदींत त्या क्रमांकाचें छायाचित्र असल्यास कोपरे व डाग ताडून पाहावे. शिवाय परीक्षकहि चुकतो. होनस वॅग्नर या खेळाडूच्या एका प्रसिद्ध कार्डाला १९९१ सालीं उच्च दर्जा मिळाला होता. त्याच्या कडा आपण कापल्या होत्या, अशी कबुली बिल मॅस्ट्रो या लिलावदारानें २०१३ सालीं न्यायालयांत दिली. कार्ड अस्सल, पण त्याची कोरी कड मात्र बनावट!

तात्पर्य, या परीक्षा खोटें उघडें पाडतात. एकटी कोणतीहि परीक्षा खरें सिद्ध करीत नाहीं. म्हणून त्याच मालिकेंतील एक स्वस्त, अस्सल कार्ड जवळ ठेवावें व नवें त्याशीं ताडावें. जो विक्रेता माल परत घेण्यास नाकारतो आणि वर घाई करतो, त्याला दुरूनच नमस्कार करावा. हुकलेल्या सौद्याची हळहळ चार दिवसांत विसरते; फसल्याची मात्र कपाटांत कायमची जपून ठेवावी लागते.