भात तोच, घाम कुठे गेला?

वीकेंडला अलिबागला निघालात की वडखळ नाक्यावर ब्रेक लागतोच. वडापाव, चहा, येताना पेणचे पापड-पोहे. पण पेण-रोह्यातल्या घरांत रोज ताटात काय पडतं, हे पाहायला आपण थांबत नाही. मी थांबले.

हा भाताचा मुलूख. खाली भातशेती, वर वरकस जमिनीवर नाचणी-वरी, आणि भात निघाला की उरलेल्या ओलाव्यावर वाल. जेवायला भात, बिरडं, खाडीची मासळी, भाकरी. ढीगभर भात खाल्ला तरी नांगरणी-लावणीत जिरायचा. मग रोह्याजवळ धाटावला एमआयडीसी आली, पेण तालुक्यात डोलवीला पोलाद कारखाना. शिफ्ट आली, बाइक आली, पगाराबरोबर फरसाण आणि कोल्ड्रिंकही आलं. ताटातला भाताचा ढीग मात्र तेवढाच राहिला, तोही पांढराशुभ्र, पॉलिश केलेला!

शुगर म्हणजे शहरी दुखणं, असं अजून वाटतंय? आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत आणि १३ कोटींहून अधिक लोक उंबरठ्यावर. या उंबरठ्यावरच्यांचं प्रमाण खेड्यात जवळजवळ शहराइतकंच आहे.

याच तालुक्यांतल्या कातकरी वाड्यांवर दुखणं वेगळं. जंगल आटलं तशा रानभाज्या, कंद, ओढ्यातले खेकडे आटले. पावसाळा सरला की कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनवर माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं, २०२३ पासून फुकट. पोटाला आधार मिळतो, ही लहान गोष्ट नाही. पण १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात जेमतेम १०. पोट भरलं तरी वाढत्या पोराच्या हाडांना काय मिळणार?

नाचणी गेली कुठे? आपल्या मॉलमध्ये, चकचकीत पाकिटात. आणि वरकस जमिनींवर ठिकठिकाणी आपल्याच 'सेकंड होम'चे प्लॉट पडलेत.

वाल मात्र टिकून आहे, कारण त्याला पाटाचं पाणी लागत नाही. थंडीत गेलात तर पोपटी चुकवू नका. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मीठ, ओवा, वरून जाळ. तेलाचा थेंब नाही, पाण्याचाही नाही. आणि पेणच्या बाजारात पापड घेताना किलोभर वालही मागून घ्या.