नेमका कोण, की कोणाच्या कुळातला?

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ‘ट्रू’ (म्हणजे ‘खरं’) अधिक ‘ट्रू’ लिहून एंटर दाबा. उत्तर येतं २. आता त्याच ‘ट्रू’ला विचारा, तू पूर्णांक आहेस का? ‘इजइन्स्टन्स’ने विचारलंत तर उत्तर ‘हो’. ‘टाइप’ने त्याचा प्रकार काढून ‘इंट’शी, म्हणजे पूर्णांकाच्या प्रकाराशी, ताडून पाहिलात तर ‘नाही’. आणि दोन्ही उत्तरं खरी!

कारण ‘टाइप’ विचारतो, तू नेमका कोण. ‘इजइन्स्टन्स’ विचारतो, तू कोणाच्या कुळातला. पायथन २.३ मध्ये, २००३ साली, ‘ट्रू’चा ‘बूल’ हा प्रकार ‘इंट’च्या पोटी जन्माला आला. तोवर खऱ्या-खोट्यासाठी १ आणि ० वापरायची रीत होती, आणि ते जुने प्रोग्रॅम मोडायचे नव्हते. म्हणून आजही ‘वय पूर्णांक आहे ना?’ एवढंच तपासणाऱ्या कोडमधून ‘ट्रू’ हे वय बिनबोभाट आत शिरतं.

पण ‘ट्रू’सारख्या ऑब्जेक्टला आपलं कूळ ठाऊक कसं? नेहमीच्या ६४-बिट पायथनमध्ये ५ हा साधा आकडा मेमरीत २८ बाइट अडवतो. खुद्द पाचाला त्यातले ४ पुरतात! बाकीच्यात ८ बाइट असतात त्याच्या क्लासच्या, म्हणजे प्रकाराच्या, पत्त्याचे. प्रत्येक ऑब्जेक्ट हा पत्ता जन्मभर जवळ बाळगतो. ‘टाइप’ तो वाचून थांबतो. ‘इजइन्स्टन्स’ तिथे जुळलं नाही, तर त्या क्लासपाशी आधीच मांडून ठेवलेली पूर्वजांची यादी चाळतो. मला हाच प्रश्न अधिक उदार वाटतो. उद्या कोणी नवा उपवर्ग काढला, तरी तो दारातून परत जात नाही.

आणि या दोन प्रश्नांतल्या फरकाची जाण किती जुनी! ऑस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्तेन नीगार्ड यांनी घडवलेल्या सिम्युला ६७ या भाषेतच दोन वेगळे शब्द होते: ‘इझ’ म्हणजे नेमका याच क्लासचा, ‘इन’ म्हणजे याचा किंवा याच्या वंशातला. क्लास आणि वारसा या कल्पना जिथे रुजल्या, तिथेच हे दोन प्रश्नही वेगळे केले गेले होते.

पायथनमध्ये क्लाससुद्धा ऑब्जेक्टच. मग क्लासचा प्रकार कोणता? ‘टाइप’. ‘टाइप’चा पूर्वज? ‘ऑब्जेक्ट’. ‘ऑब्जेक्ट’चा प्रकार? पुन्हा ‘टाइप’! मग खुद्द ‘टाइप’चा प्रकार? त्याच्या त्या ८ बाइटांत त्याचा स्वतःचाच पत्ता असतो.